'ओके' नको, आकडा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर एका कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा येतात. सकाळी पेपर हातात पडला की मी आधी तो कोपरा बघतो, मग अग्रलेख. सून म्हणते, "बाबा, आपण लालबागला राहतो, होडी कुठे बांधून ठेवलीय तुम्ही?" होडी नाही. पण आगीच्या बंबांवर तेहतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलेल्या माणसाकडे ओहोटीची वेळ बघायचं कारण असतं. ते सांगायलाच हे पत्र. जरा लांबेल. कापलंत तरी चालेल, फक्त आकडे कापू नका.

निमित्त झालं ते एप्रिलमधल्या अग्निशमन सेवा सप्ताहाचं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. आग विझवायला गेलेले मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर पाळतात. मानवंदना होते, शाळेतली मुलं बंबावर चढून फोटो काढतात, सोसायट्यांत प्रात्यक्षिकं होतात. सगळं चांगलंच आहे. आपल्याकडेही त्या आठवड्यात एका लालभडक गाडीचा फोटो आला होता, पितळेला इतकं पॉलिश की त्यात छायाचित्रकार दिसावा. मी तो भिंग घेऊन पाहिला. (सवय.) पॉलिश दिसतं, पण पाणी आत घ्यायच्या सक्शन पाइपातला वॉशर दिसत नाही, आणि माझं सगळं आयुष्य त्या वॉशरभोवती गेलं.

माझी ओळख एवढीच, की वडील गिरणीत होते. मी आयटीआय करून १९८१ साली मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कारखान्याच्या स्वतःच्या अग्निशमन विभागात फिटर-हेल्पर म्हणून लागलो आणि २०१४ साली मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. १९८२चा संप सुरू झाला तेव्हा घर माझ्या पगारावर चाललं, म्हणून त्या कारखान्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. खाली जे लिहितोय त्यात त्याचं नाव घालणार नाही. चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती.

आमच्याकडे दोन टेंडर होते. पेपरवाले 'बंब' लिहितात, आम्ही टेंडर म्हणायचो. टाकी ४५०० लिटरची, पंप मिनिटाला २२५० लिटरचा. आता गणित करा. पंप पुऱ्या क्षमतेनं सोडला तर टाकी दोन मिनिटांत कोरडी. होजच्या (पाणी मारायच्या पाइपाच्या) टोकाला दोन ब्रांच, म्हणजे फवाऱ्याची तोंडं, लावून बेतानं मारलं तरी पाच मिनिटं. रस्त्यावरून घंटा वाजवत जाणारी गाडी पाहून लोकांना वाटतं, आलं पाणी! ते पाच मिनिटांचं पाणी असतं. त्या पाच मिनिटांत गाडीला दुसरं पाणी सापडलं पाहिजे, म्हणजे हायड्रंट, जमिनीखालची टाकी, विहीर नाहीतर समुद्र. ते ओढून घेता आलं पाहिजे. म्हणून गाडी रस्त्यावर पळते की नाही ही तपासणी अर्धीच. उरलेली अर्धी म्हणजे ती एका जागी उभी राहून पाणी ओढते की नाही.

आगीच्या गाडीचा पंप सेंट्रिफ्यूगल असतो. त्यात पाणी असेल तर तो पर्वत हलवील, पण आत हवा असेल तर नुसता गरगरतो. त्याला स्वतःहून पाणी ओढता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारी एक छोटा प्रायमर असतो. तो सक्शन पाइपातली हवा बाहेर काढतो, आत निर्वात होतं, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. पाणी ओढलं जात नाही, ढकललं जातं, हे आमचे मुख्य मेकॅनिक (त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत) नव्या पोरांना स्ट्रॉ आणि लिंबू सरबताचा ग्लास घेऊन शिकवायचे. स्ट्रॉला टाचणीनं भोक पाडायचे आणि म्हणायचे, आता पी. पुस्तकाप्रमाणे समुद्रसपाटीला हवेचा दाब पाणी १०.३ मीटरपर्यंत ढकलू शकतो. प्रत्यक्षात सात-साडेसातच्या पुढे कोणी जात नाही. सक्शनच्या जोडात टाचणीएवढं भोक असलं की तेही नाही.

हे भोक आहे की नाही ते बघायची परीक्षा फार सोपी आहे आणि तिला पाण्याचा थेंब लागत नाही. सक्शन पाइप जोडायचे, शेवटच्या टोकाला झाकण लावायचं, प्रायमर चालवायचा आणि व्हॅक्यूम गेजचा काटा बघायचा. मग प्रायमर बंद करून घड्याळ लावायचं आणि काटा किती उतरतो ते बघायचं. आमचे एक अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकून आले होते. त्यांनी अमेरिकेच्या एनएफपीए या आगीपासून बचावाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातली पानं झेरॉक्स करून आम्हाला दिली होती. त्यात लिहिलेलं होतं, की पाऱ्याचे २२ इंच निर्वात करा आणि पाच मिनिटं थांबा. काटा १० इंचांहून जास्त उतरला तर पंप नापास. बावीस इंच म्हणजे पाण्याचे साधारण साडेसात मीटर. एवढीच परीक्षा. गाडी हलवायलाही लागत नाही. पाइप जोडून सोडवण्यासकट वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं मी वाचवली.

सकाळी सातला पाळी बदलायची. रजिस्टरवर वरपासून खालपर्यंत बाबी छापलेल्या असत: डिझेल, इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरी, टायर, एअर, ब्रेक, लाइट, सायरन, टाकी, पंप, प्रायमर, सक्शन, डिलिव्हरी होज, ब्रांच, शिड्या, बीए सेट. आडवे महिन्याचे दिवस. पहिल्या तारखेला प्रत्येक चौकोनात 'ओके' लिहायचं, दुसऱ्या तारखेला पहिल्या चौकोनात 'वरीलप्रमाणे' लिहून खाली एक रेघ मारायची. रेघ अशी सफाईदार, की शाळेत मास्तरांनी कौतुक केलं असतं. शनिवार-रविवारच्या सह्या सोमवारी एकदम व्हायच्या. हे सगळे करायचे, म्हणून मीही करायचो.

१९९८च्या थंडीतली गोष्ट. पौर्णिमा होती. कोळीवाड्यातल्या कोणालाही विचारा, मुंबईत अमावस्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि मोठी असते, उधाणाची. आमची ड्रिल नेमकी त्या दिवशी अकरा-साडेअकराला कारखान्याच्या जेट्टीवर होती. खाडीत सक्शन सोडलं. पंपापासून पाणी जेमतेम तीन मीटर खाली. प्रायमर चालवला, पंपानं पाणी पकडलं, फवारा उडाला, मॅनेजर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रजिस्टरात 'पंप ओके, प्रायमर ओके, सक्शन ओके' लिहिलं आणि जेवायला गेलो. तीन मीटरला नऊ इंच निर्वात पुरतं. गेजकडे मी बघितलंच नाही. पाणी येत होतं ना!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला भंगार यार्डात लाकडी खोके आणि प्लास्टिकचे ड्रम पेटले. त्या भागातली हायड्रंट लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. गाडी आली, टाकीतलं पाणी मारायला सुरुवात झाली आणि दुसरी गाडी जेट्टीवर गेली. तिचा पंप मी चालवत होतो, कारण ऑपरेटर सुट्टीवर होता. सक्शन सोडलं. पाइप संपले, पण पाणी लागेना. आणखी एक पाइप जोडला तेव्हा गाळणी बुडाली. ओहोटी होती. आदल्या दिवशी जे पाणी जेट्टीच्या पायऱ्यांना लागत होतं ते आता चार मीटर खाली चिखलाच्या काठाशी होतं. पंपापासून एकूण सात मीटर, म्हणजे वीस-एकवीस इंच निर्वात हवं. प्रायमर चालवला, काटा सोळावर गेला आणि थांबला. सोळा इंच म्हणजे साडेपाच मीटर. पाणी पाइपात दीड मीटर खाली उभं, वर यायला तयार नाही. मी थ्रॉटल वाढवला, जोड आवळले, पंपावर पाणी ओतलं, देवाचं नाव घेतलं. काटा सोळाच. सहा महिन्यांपूर्वी याच पंपानं याच जेट्टीवरून ओहोटीला पाणी काढलं होतं.

तोवर पहिल्या गाडीची टाकी संपली होती. पाच मिनिटं, मघाशी सांगितलं ते गणित. शेजारच्या कंपनीचा टेंडर मदतीला आला तोवर बावीस मिनिटं गेली होती. माणूस कोणी गेला नाही. शेड गेली, बाजूच्या गोदामाचा अर्धा पत्रा गेला आणि एका फायरमनचा हात भाजला, कारण पाणी नसताना तो ड्रम मागे ओढत होता. तो मला नंतर काही बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

रात्री मिस्त्रींनी सक्शन उघडलं. दुसऱ्या जोडातला रबरी वॉशर चपटा होऊन सुपारीसारखा कडक झाला होता आणि एका बाजूनं चिरला होता. प्रायमरचे पातेही झिजलेले. यातलं काहीही एका दिवसात झालेलं नव्हतं. महिन्यामहिन्यानं काटा बावीसवरून वीसवर, वीसवरून अठरावर आला असणार. मी प्रत्येक वेळी 'ओके' लिहिलं होतं. ओके हा शब्द बावीसलाही लागतो आणि सोळालाही लागतो.

चौकशीत रजिस्टर उघडलं गेलं. अठरा दिवसांची रेघ आणि खाली माझी सही. अधिकारी काही न बोलता ते पान बराच वेळ बघत राहिले. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जे केलं ते मेमोपेक्षा मोठं होतं. त्यांनी फूटपट्टी घेतली, नवी वही घेतली आणि स्वतः रेघा आखल्या. त्या वहीत 'ओके' लिहायला जागाच नव्हती. जिथे मोजता येतं तिथे फक्त आकडा लिहायचा: निर्वात किती इंच, पाच मिनिटांनी किती उरलं. प्रायमरनं किती सेकंदांत पाणी पकडलं, आणि पाणी किती मीटर खाली होतं. बॅटरीच्या पाण्याची घनता हायड्रोमीटरवर किती. काल संध्याकाळी एअर टाकीत किती दाब होता आणि आज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी किती उरला.

या शेवटच्या बाबीवर दोन शब्द जास्त लिहितो, कारण ट्रकवाल्यांनाही ती कळेल. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा नसेल तर ब्रेक लागलेलेच राहतात, गाडी जागची हलत नाही. मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर सकाळी इंजिन सुरू करून बिडी ओढतो, तोवर हवा भरते. आगीच्या गाडीला बिडीची सवड नाही. रात्री तीनला घंटा वाजली की माणसं धावत येऊन बसतात, आणि गाडी हवा भरेपर्यंत दारातच फुरफुरत उभी. संध्याकाळी हवेचा दाब आठ किलो आणि सकाळी साडेसात असेल तर ठीक. आठाचे पाच झाले असतील तर कुठेतरी गळती आहे. हे 'ब्रेक ओके'मधून कधीच कळत नाही, कारण सकाळच्या तपासणीत इंजिन चालू असतं आणि ब्रेक लागतात! त्यात मुंबईची दमट हवा. टाकीत पाणी साचतं, तळाची चावी उघडली की आधी पाणी, मग तेलकट फेस, मग हवा. रोज सोडलं नाही तर तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरतं.

बीए सेटचंही तेच, म्हणजे धुरात जाताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरचं. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की त्यात १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. सिलिंडर २७० वर असला तरी कोणीही 'भरलेला' म्हणेल. पण त्या तीस बारमध्ये फायरमनची साडेचार मिनिटं असतात. वहीत २७० लिहिलं की लिहिणाऱ्यालाच चैन पडत नाही, तो उठून भरून आणतो.

आता कोणी म्हणेल की माणूस आकडाही खोटा लिहू शकतो. लिहू शकतो. पण खोटा आकडा लिहायला विचार करावा लागतो, रेघ मारायला लागत नाही. आणि रोज बरोब्बर बावीस लिहिणाऱ्याला मिस्त्री हाक मारून विचारायचे, "काय रे, तुझा पंप काय पुतळा आहे काय?" खरे आकडे थोडे हलतात. नव्या वहीनंतर वर्षभरात आम्ही प्रायमर एकदा, ग्लँड पॅकिंग (पंपाच्या दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरण) दोनदा आणि टाकीचा एक व्हॉल्व्ह आगीची वाट न बघता बदलला. त्यातला प्रायमर एकवीस, वीस, साडेएकोणीस असा उतरताना पकडला, सोळावर जायच्या आधी. मला त्या दिवसाचा जितका आनंद झाला तितका पोराच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. (हे त्यानं वाचू नये.)

'ओके' लिहिण्यामागे आळस असतो हे खरं, पण सगळा आळस नसतो. दोष लिहिला की गाडी ऑफ रोड करावी लागते. ऑफ रोड केली की स्टेशनवर एक गाडी कमी. वरून फोन येतो, "कोणी उभी केली?" उभी करणाऱ्याचं नाव लगेच विचारतात. सोळा इंचांवर गाडी चालवणाऱ्याचं नाव मात्र आग लागेपर्यंत कोणी विचारत नाही. मग मेकॅनिक शहाणा होतो आणि 'चालेल' म्हणतो. म्हणून आकड्यांच्या वहीला जोडून आणखी एक गोष्ट लागते. अमुक आकड्याच्या खाली गाडी आपोआप बाजूला गेली पाहिजे. ती हुकुमानं जाऊ नये, कोणाच्या धाडसानंही जाऊ नये, आकड्यानं जावी. आणि तिच्या जागी यायला एक राखीव गाडी पाहिजे. आमच्याकडे मिस्त्रींनी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं: 'अठराच्या खाली गाडी माझी.' त्यांच्या निवृत्तीनंतर रंग देताना ते पुसलं गेलं.

किलोमीटरचा घोळ वेगळा. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक किलोमीटरवर ठेवणारे लोक मी पाहिलेत. आगीची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर जेमतेम धावते, पण एका आगीत सहा-सात तास एका जागी उभी राहून पंप चालवते. इंजिन पूर्ण जोरात, मीटरचा आकडा जागच्या जागी. मिस्त्री पंपिंगच्या एका तासाला पन्नास किलोमीटर धरायचे. खरी पद्धत म्हणजे तासांचं मीटर. टायरचं याच्या उलट. वरची नक्षी शाबूत असते, पाहणारा म्हणतो नवाकोरा टायर आहे, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात, कारण चार-पाच टन पाण्याचं ओझं घेऊन तो रात्रंदिवस एकाच जागी उभा असतो. अमेरिकी मानकात झीज कितीही कमी असली तरी सात वर्षांनी टायर बदला असं लिहिलंय. टायरवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं, ते वाचायला भिंगही लागत नाही.

सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांपलीकडे वाढवायची नाही असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला. ठीक आहे. पण तो गाडीचं वय सांगतो, तब्येत नाही. पंधराव्या वर्षी भंगारात काढल्यानं चौथ्या वर्षी सुपारी झालेला वॉशर मऊ होत नाही.

मुंबईचं पाणी हा आणखी एक विषय. खारं पाणी पंपात घेतलं की परत आल्यावर गोड्या पाण्यानं पंप आणि होज धुवायचे, हा पहिला धडा. दमलेली माणसं नेमकं हेच उद्यावर टाकतात. आणि पावसाळ्यात तर रस्ताच समुद्र होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमची गाडीही कमरेएवढ्या पाण्यातून गेली. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अॅक्सलचा बूच उघडला, तर गिअर ऑइलच्या जागी दुधाचा चहा. बाहेरून गाडी धुऊन-पुसून लख्ख होती, चालतही होती, आवाजही नव्हता. आणखी महिनाभर तशीच चालली असती आणि मग कुठल्यातरी पुलावर बेअरिंग गेलं असतं. उंदरांबद्दल लिहिलं तर पत्र संपणार नाही. एवढंच सांगतो, की सायरनची वायर आम्ही एका वर्षात तीनदा बदलली.

होजची घडी दर काही महिन्यांनी बदलायची असते, म्हणजे जिथे दुमड होती तिथे सपाट आणि सपाट होतं तिथे दुमड, नाहीतर आतलं रबर त्याच रेघेवर तडकतं. वर्षातून एकदा तरी होज दाबाखाली धरून बघायचा. जमिनीवर आपटून कपलिंगला पोचा आला की जोड बसत नाही, आणि हे अंधारात कळतं. शिड्यांच्या तारेवरून हात फिरवायचा नाही, जुनं कापड फिरवायचं. कुठे एखादा धागा तुटला असेल तर कापड अडकतं, हात फिरवला तर रक्त निघतं. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरची शिडी आली तेव्हा तिच्या उंचीच्या बातम्या मी आवडीनं वाचल्या. उंच शिड्यांचे सांधे आणि वेल्डिंग दर पाच वर्षांनी आतून, काही न तोडता तपासा, असं तेच मानक सांगतं. त्या तपासणीची बातमी मात्र कधी वाचनात आली नाही. शिडी आली ही बातमी होते, शिडी तपासली ही होत नाही. संपादक महोदय, हा टोमणा तुम्हालाच आहे, रागावू नका.

आता माझी मागणी. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे आम्हा इमारतीत राहणाऱ्यांना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' द्यावा लागतो. म्हणजे माझ्या सोसायटीच्या जिन्यातल्या होजपेटीची वर्षातून दोनदा लेखी साक्ष लागते. तशीच साक्ष त्या होजपेटीच्या मदतीला धावणाऱ्या गाडीची नागरिकांना दिसायला काय हरकत आहे? गाडीच्या दारावर आतल्या बाजूला एक कार्ड असावं, त्यावर चार-पाच आकडे. निर्वात किती, तारीख काय. पंप पूर्ण क्षमतेनं शेवटचा कधी चालवला, किती मिनिटं, किती दाबानं. होजची परीक्षा कधी, शिडीची कधी, टायर कुठल्या वर्षाचा. सप्ताहात मुलं गाडीवर चढतील तेव्हा त्यांच्या आईबापांना ते वाचता येईल. हे पालिकेच्या दलाला लागू व्हावं आणि कारखाने, बंदरं, तेलकंपन्या यांच्या खासगी दलांनाही. माझी रेघ खासगी वहीत होती.

आणि फॉर्म बी भरणाऱ्यांनी फुशारकी मारू नये. आमच्याच सोसायटीच्या गेटशेजारी अग्निशमन दलाच्या गाडीनं पाणी भरायचं चार तोंडांचं इनलेट आहे. गाडी कितीही निरोगी असो, उंच मजल्यावरच्या नळांना तिचं पाणी याच वाटेनं जाणार. गेल्या दिवाळीत मी त्यात हात घातला. दोन झाकणं भंगारवाल्याकडे गेलेली, आत गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल आणि चिमणीचं नव्हे, पारव्याचं घरटं. कागदावर यंत्रणा 'सुस्थितीत'. मी सेक्रेटरींना विचारलं, किती दाबाला तपासली? ते म्हणाले, "काका, ओके आहे सगळं."

दसऱ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार, कुंकू, पेढे, बॉनेटवर नारळ. मिस्त्री हार घालायच्या आधी सक्शन जोडून निर्वात करायचे आणि सगळ्यांना पाच मिनिटं काट्याकडे बघत उभं करायचे. साहेबही उभे राहायचे, घामाघूम. काटा धरून राहिला तरच नारळ फुटायचा. एका वर्षी नाही राहिला. मिस्त्रींनी पेढे परत डब्यात ठेवले, वॉशर बदलला आणि दुपारी तीनला पूजा झाली. ते १९९९ साल होतं, आणि तो वॉशर मीच बदलला.

शेवटी एक छोटी विनंती, ती फक्त आपल्याकडे. भरती-ओहोटीच्या चौकटीत आपण भरतीची वेळ आणि उंची दोन्ही छापता, ओहोटीची मात्र नुसती वेळ. ओहोटीची उंचीही छापावी. अजून कुठल्यातरी जेट्टीवर कुणीतरी सक्शन सोडत असेल, त्याला तो आकडा लागतो.

आपला,
एक निवृत्त पंप-मेकॅनिक, लालबाग